शेजारचं की लगतचं? ‘अ‍ॅडजेसंट’ या एका विशेषणाचा १६ वर्षांचा वाद

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात प्रीस्ट लेक नावाचं सरोवर आहे. त्याच्या उत्तरेला, पाण्यापासून साधारण ३०० फुटांवर, सॅकेट आडनावाच्या नवरा-बायकोनं २००४ साली घर बांधायला एक प्लॉट घेतला. आकार ०.६३ एकर. २००७ मध्ये त्यांनी त्यावर माती आणि दगडांचा भराव टाकायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, आदेश हातात पडला. तुमच्या प्लॉटवर पाणथळ जागा आहे, ती केंद्राच्या संरक्षणाखाली येते, तेव्हा भराव काढा आणि जागा होती तशी करा. नाही केलंत तर दिवसाला ४०,००० डॉलरहून अधिक दंड.

हा वाद मिटायला २०२३ चा मे महिना उजाडला. मधल्या काळात प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. पहिल्या खेपेला, २०१२ मध्ये, प्रश्न एवढाच होता की अशा आदेशाविरुद्ध कोर्टात जाता येतं की नाही. येतं, असं न्यायालयानं एकमतानं सांगितलं. खरा प्रश्न दुसऱ्या खेपेला सुटला आणि तो एका विशेषणाचा होता: अ‍ॅडजेसंट.

पर्यावरणाच्या बाजूनं, मालकी हक्काच्या बाजूनं या खटल्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मी त्याच्याकडे भाषांतर करणाऱ्याच्या नजरेनं पाहतो. इंग्रजी मजकूर रोज मराठीत आणताना हा शब्द सतत भेटतो आणि आपण हाताला येईल तो प्रतिशब्द ठेवून पुढे जातो: जवळचा, शेजारचा, लगतचा, बाजूचा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. या प्रकरणात त्याच शब्दांमधल्या फरकावर एका घराचं बांधकाम आणि देशभरातल्या पाणथळ जागांचं संरक्षण अवलंबून होतं. म्हणून तो फरक नीट बघण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

पाण्याची साखळी आणि शब्दाची कडी

नकाशा डोळ्यांपुढे आणू. प्लॉटच्या एका अंगाला सरोवर, पण मध्ये पक्की घरं असलेले काही प्लॉट. दुसऱ्या अंगाला ३० फुटी रस्ता. रस्त्यापलीकडे एक ओहोळ, ज्याला नावसुद्धा नाही. ओहोळ एका ओढ्याला मिळतो आणि ओढा सरोवराला. सरोवरात नावा चालू शकतात, म्हणून ते केंद्राच्या अखत्यारीत. ईपीएचं म्हणणं असं की, प्लॉटवरची पाणथळ जागा ओहोळाला अ‍ॅडजेसंट आहे, ओहोळ ओढ्यात जातो, ओढा सरोवरात जातो, म्हणून प्लॉटवरही केंद्राचा कायदा चालतो.

या साखळीतल्या पुढच्या कड्या पाण्याच्या आहेत. पाणी वाहताना दिसतं, मोजता येतं. पहिली कडी तेवढी शब्दाची आहे. प्लॉट आणि ओहोळ यांच्यामध्ये रस्ता आहे, तरी ते एकमेकांना अ‍ॅडजेसंट म्हणायचे का?

कायद्यात हा शब्द कुठे बसलाय तेही पाहायला हवं. १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमध्ये संरक्षण दिलं आहे ते ‘संयुक्त संस्थानांच्या पाण्याला’. पाणथळ जागांचा उल्लेख आला तो १९७७ च्या दुरुस्तीत, आणि तोही व्याख्येच्या कलमात नाही. काही परवान्यांचं काम राज्यांकडे कसं सोपवता येईल हे सांगणाऱ्या कलमात एक कंस आहे. अमुक पाणी वगळून, असं म्हणत तो कंस सुरू होतो आणि त्याच्या शेवटी येतं: ‘त्याला अ‍ॅडजेसंट असलेल्या पाणथळ जागांसह’. इतका महत्त्वाचा शब्द, पण बसवलाय कंसातल्या शेपटाला. ज्यांनी करारनामे किंवा नियमावल्या भाषांतरित केल्या आहेत त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. घोळ बहुधा अशाच ठिकाणी दबा धरून बसलेला असतो.

शब्द मुळापासून

अ‍ॅडजेसंट लॅटिनमधून आला. ‘अ‍ॅड’ म्हणजे कडे, पाशी. आणि क्रियापदाचा अर्थ पडून असणे. म्हणजे मुळात ‘पाशी पडलेला’. त्यात स्पर्श नाही. उच्चारात ‘ड’ वेगळा ऐकू येत नाही, जोर ‘जे’वर पडतो. त्याच्यापुढे येणारं शब्दयोगी अव्यय नेहमी ‘टू’. ‘विथ’ किंवा ‘ऑफ’ जोडलेलं मी अनेकांच्या लिखाणात पाहिलंय, ते चूक.

त्याचे भाऊबंद पाहिले की फरक उघडा पडतो. अ‍ॅडजॉइनिंगमध्ये जोडण्याची धातू आहे. जू जुंपण्याच्या अर्थाची ही लॅटिन धातू आपल्या ‘युज्’ची, म्हणजे योग आणि युक्त या शब्दांच्या धातूची, सख्खी बहीण. कंटिग्युअसमध्ये स्पर्श आहे. कॉन्टॅक्ट आणि संसर्ग या अर्थाचा कंटेजन हे त्याच घरातले. नेबरिंगमध्ये जुनं इंग्रजी ‘जवळ राहणारा’ आहे. आणि निअर? तो तर मुळात तुलनेचा शब्द होता. नाय (nigh), निअर, नेक्स्ट: जवळ, अधिक जवळ, सर्वांत जवळ. आज निअरला आपण मूळ शब्द समजून त्याला पुन्हा ‘निअरर’ करतो, पण त्याच्या पोटातली ती तुलना अजून जिवंत आहे. निअर कमी-जास्त होतो. अ‍ॅडजेसंट सहसा होत नाही. ‘मोअर अ‍ॅडजेसंट’ कानाला खटकतं, कारण हा शब्द अंतर मोजत नाही.

मग तो काय सांगतो? माझ्या समजुतीप्रमाणे तो सांगतो की या दोघांच्या मध्ये त्याच जातीचं तिसरं काही नाही. दोन खोल्या अ‍ॅडजेसंट असतात, मध्ये भिंत असूनही. भिंत ही खोली नाही, म्हणून ती मोजली जात नाही. पूर्णांकांच्या रांगेत ३ आणि ४ अ‍ॅडजेसंट, कारण मध्ये दुसरा पूर्णांक नाही. ग्राफ सिद्धान्तात दोन बिंदूंना जोडणारी एक रेघ असली की ते अ‍ॅडजेसंट, मग कागदावर त्यांच्यात हातभर अंतर का असेना. भूमितीत मात्र संलग्न कोन म्हणजे शिरोबिंदू आणि एक भुजा सामाईक असलेलेच. तिथे व्याख्येनंच स्पर्श बांधून दिला आहे.

कठीण उदाहरण विमानातल्या आसनांचं. तीन आसनं, मग चालायची वाट, मग तीन आसनं. वाटेच्या अलीकडचं आणि पलीकडचं आसन अ‍ॅडजेसंट आहे का? मध्ये तिसरं आसन नाही, म्हणजे माझ्या नियमानं हो. पण ‘आम्हाला अ‍ॅडजेसंट आसनं द्या’ म्हणणाऱ्या आईला लहान मूल वाटेपलीकडे बसवलेलं चालणार नाही. म्हणजे मधली वस्तू कुठली हेही महत्त्वाचं. काही वस्तू भिंतीसारख्या असतात, त्या मोजल्या जात नाहीत. काही वाटेसारख्या असतात, त्या दोघांना तोडतात. सॅकेट खटल्यातला सगळा वाद खरं म्हणजे या प्रश्नाशी येऊन थांबतो.

न्यायासनासमोर

सुनावणी ३ ऑक्टोबर २०२२ ला झाली. ती भाषेच्या अभ्यासकानं मुद्दाम वाचावी अशी आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आगगाडीचं उदाहरण घेतलं: स्टेशन रुळांना अ‍ॅडजेसंट आहे असं आपण सहज म्हणतो, ते रुळांना टेकलेलं नसलं तरी. न्यायमूर्ती गॉर्सच सरकारी वकिलांना अंतर विचारत राहिले: ३ मैल चालतील का? २ मैल? १ मैल? वकिलांना ठाम आकडा देता आला नाही. मला वाटतं, तो देता येणारच नव्हता. निअरला विचारायचा प्रश्न अ‍ॅडजेसंटला विचारला गेला. पण एक गोष्ट गॉर्सच यांच्या बाजूनं मान्य करायला हवी. ज्याला दिवसाला हजारो डॉलर दंड होणार आहे, त्या जमीनमालकाला आपली जागा आत की बाहेर हे आधी कळायला हवं, आणि ‘पाशी पडलेला’ या अर्थातून ते कळत नाही.

निकाल २५ मे २०२३ ला आला. सॅकेट जिंकले, नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या मतानं. कारणांवर मात्र ५ विरुद्ध ४ अशी फूट पडली आणि ती फूट या शब्दावरच होती.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. त्यांनी आधीच कबूल केलं आहे की शब्दकोशात अ‍ॅडजेसंटचे दोन्ही अर्थ आहेत, लगतचा आणि जवळचा. शब्द जास्तीत जास्त किती ताणता येतो हे पाहणं म्हणजे अर्थ लावणं नव्हे, असं ते म्हणतात, आणि मग वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखवतात: ‘इन्क्लूडिंग’, म्हणजे ‘सह’. पाणी, त्याला अ‍ॅडजेसंट पाणथळ जागांसह. म्हणजे त्या पाणथळ जागा पाण्यातच मोडल्या पाहिजेत. जी जागा पाण्यापासून वेगळी दिसते ती पाण्याचा भाग कशी असेल? म्हणून इथे अ‍ॅडजेसंट म्हणजे असा लगतचा की पाणी कुठे संपलं आणि पाणथळ कुठे सुरू झाली हे सांगता येऊ नये. जमिनीवरून पाण्याचा सलग जोड हवा. ओहोटीनं किंवा कोरड्या दिवसांनी तो जोड थोडा काळ तुटला तरी चालेल.

ईपीएचा दावा सांगताना त्यांनी कंसात एक खुलासाही घातला आहे: अ‍ॅडजेसंट, म्हणजे त्याच परिसरातला, या अर्थानं. दुसऱ्याचा शब्द उद्धृत करताना त्याला असा अर्थ जोडला की अर्धा निकाल तिथेच लागतो. भाषांतरात आपणही नकळत हेच करत असतो, म्हणून ती जागा मी वाचताना खुणेनं अधोरेखित करून ठेवली आहे.

दुसरी बाजू न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मांडली. तिला सोटोमायोर, केगन आणि जॅक्सन यांची साथ होती. सॅकेट यांचा प्लॉट कायद्याबाहेर आहे हे त्यांनाही मान्य होतं. पण अ‍ॅडजेसंटचा अर्थ अ‍ॅडजॉइनिंग इतका आक्रसून टाकणं मान्य नव्हतं. त्यांचा पहिला पुरावा कायद्यातलाच: याच कायद्यात इतरत्र ‘अ‍ॅडजॉइनिंग’ हा शब्द किनाऱ्यांसाठी वापरला आहे. ज्या संसदेला दोन्ही शब्द ठाऊक होते, तिनं इथे दुसरा निवडला तर त्याला काही अर्थ असणार. दुसरा पुरावा वापराचा. १९७७ मध्ये या कायद्याखाली भरावाचे परवाने देणाऱ्या लष्कराच्या अभियंता दलानं अ‍ॅडजेसंटची व्याख्या तीन विशेषणांनी केली होती: शिवेवरचा, लगतचा किंवा शेजारचा. शिवाय मानवनिर्मित बांध, नदीकाठचे नैसर्गिक उंचवटे किंवा किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या मध्ये असल्या तरी पलीकडची पाणथळ जागा अ‍ॅडजेसंटच, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतरच्या आठ राष्ट्राध्यक्षांच्या सरकारांनी, दोन्ही पक्षांच्या, हाच अर्थ धरून काम केलं. मिसिसिपीच्या पूररोधक बांधांमागच्या पाणथळ जागा आता बाहेर पडतील, याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

न्यायमूर्ती केगन यांनी स्वतंत्रपणे घराचं उदाहरण दिलं. मध्ये थोडी हिरवळ आणि लाकडी कुंपण आलं म्हणून शेजारचं घर अ‍ॅडजेसंट राहत नाही असं कोणी म्हणत नाही.

रॉबर्ट्स मात्र शेवटी अलिटो यांच्या बाजूला गेले. त्यांचं स्टेशन आणि रुळ तसेच मागे राहिले.

मराठीत बसवून पाहताना

कॅव्हनॉ यांचा बांधाचा मुद्दा वाचताना मी थबकलो, कारण तो मराठीत आपोआप उलगडतो. दोन शेतं अगदी शेजारी आहेत हे सांगायला आपण काय म्हणतो? बांधाला बांध लागून आहे. बांध तोच, मधला आडवा आलेला मातीचा उंचवटा, आणि आपल्या भाषेत तोच जवळिकीची खूण आहे. भिंतीला भिंत, शिवेला शीव, बांधाला बांध. जे तोडतं म्हणावं त्याच्याच नावानं आपण जोडलेपण सांगतो. म्हणून शब्दापुरतं बोलायचं तर मी कॅव्हनॉ आणि केगन यांच्या बाजूला आहे. बांध हा खोल्यांमधल्या भिंतीसारखा आहे, विमानातल्या वाटेसारखा नाही. उलट नदीशी त्याचं नातं इतकं घट्ट आहे की नदी नसती तर तो बांधलाच गेला नसता.

३० फुटी रस्ता मात्र वेगळा. त्याचं पाण्याशी काही नातं नाही. तो वाटेसारखाच आहे. आणि म्हणूनच, बांध न मोजणारे चार न्यायमूर्तीसुद्धा हा प्लॉट कायद्याबाहेर आहे असंच म्हणाले, यात मला विसंगती दिसत नाही.

पण अलिटो यांच्या ‘सह’ला उत्तर द्यावंच लागेल, कारण तो मुद्दा वरवरचा नाही. मराठीत त्याची चाचणी घेता येते. ‘इन्क्लूडिंग’साठी आपल्याकडे निदान दोन पर्याय आहेत: ‘सह’ आणि ‘धरून’. ‘मुलांसह दहा माणसं आली’ आणि ‘मुलं धरून दहा माणसं आली’. दुसऱ्यात मुलं दहांत मोजलीच आहेत. पहिल्यात ती दहांत आहेत की दहांशिवाय, हे नक्की नाही. अलिटो यांनी इन्क्लूडिंग ‘धरून’ असं वाचलं, आणि इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ तोच आहे. तिथे ते बरोबर आहेत. पण मुलं दहांत धरली म्हणजे मुलं मोठी माणसं झाली का? मोजणीत धरणं म्हणजे दोन गोष्टींतला भेद पुसणं नव्हे. पाणथळ जागा पाण्याच्या हिशेबात धरायच्या, एवढंच ते वाक्य सांगतं. त्या पाण्यापासून वेगळ्या ओळखता येऊ नयेत ही अट त्या शब्दात नाही, ती बाहेरून आणलेली आहे.

आता प्रतिशब्द. ‘लगत’ हा ‘लग्’ धातूतून आला, चिकटणे, लागणे. लागून आणि लग्न त्याच घरातले. त्यात स्पर्श आहे, म्हणून तो अ‍ॅडजॉइनिंग आणि कंटिग्युअसचा खरा जोडीदार. ‘शेजारचा’मध्ये स्पर्शाची सक्ती नाही, शेजारच्या दोन घरांत बोळ असू शकतो. फक्त तिसरं घर नसावं, निदान ‘अगदी शेजारचं’ म्हणताना. तो अ‍ॅडजेसंटच्या सर्वांत जवळ जातो. ‘जवळचा’ हा निअर आणि क्लोजसाठी ठेवावा. तो कमी-जास्त होतो, नातेवाइकांनाही लागतो, ‘जवळचा मित्र’ होतो. अ‍ॅडजेसंट मित्र कुणी म्हणत नाही. (हल्ली इंग्रजीत एखाद्या नामाला हायफननं अ‍ॅडजेसंट जोडून ‘त्याच प्रकारात मोडत नाही, पण त्याच्या आजूबाजूचं’ असं सुचवतात. तिथे मराठीत ‘अंगानं जाणारं’ छान बसतं.) ‘समीप’ शासकीय मजकुरात जड वाटतो, पण या प्रकरणात तो आठवल्यावाचून राहत नाही. सम् आणि अप् मिळून समीप. अप् म्हणजे पाणी. द्वीपात जो ‘ईप’ आहे तोच इथे, आणि अ चा ई कसा होतो याचं सूत्र पाणिनीनं दिलेलं आहे. जवळपणाच्या आपल्या या शब्दाच्या पोटात पाणीच आहे.

माझ्या कामात या प्रकरणानंतर पडलेला फरक साधा आहे. अ‍ॅडजेसंट दिसला की मी आधी पाहतो, त्याच मजकुरात अ‍ॅडजॉइनिंग किंवा कंटिग्युअस कुठे आलाय का. आला असेल तर ‘लगतचा’ त्याच्यासाठी राखून ठेवतो आणि अ‍ॅडजेसंटला ‘शेजारचा’ देतो. मग मधली वस्तू शोधतो: भिंत, बांध, रस्ता, वाट. ती मूळ मजकुरात सांगितली असेल तर मराठीतही सांगतो, शब्दाच्या भरवशावर सोडत नाही. आरोग्य किंवा सुरक्षेच्या सूचनांत तर नक्कीच. ‘शेजारच्या खोलीत कोणी थांबू नये’ या वाक्यात समोरची खोली येते का, हे वाचणाऱ्याला तिथेच कळलं पाहिजे.

१९७७ च्या त्या कंसाची मी दोन वाक्यं करून ठेवली आहेत. एक: ‘त्या पाण्याला लागून, त्यात मिसळलेल्या पाणथळ जागा धरून’. दुसरं: ‘त्या पाण्याशेजारच्या पाणथळ जागा धरून’. उद्या निकालाचं भाषांतर हाती आलं तर बहुमताचा अर्थ सांगताना पहिलं वाक्य लिहीन. आणि मूळ कायद्याचं आलं तर दुसरं, २०२३ चा निकाल माहीत असूनही, कारण कायद्याच्या मजकुरात आजही अ‍ॅडजेसंट हाच शब्द आहे.